मोठे टायर घ्यायला गेलो आणि छोटे घेऊन आलो: एका थारची पूर्ण केस

मावसभावाची महिंद्रा थार आहे, २०२१ चं मॉडेल, डिझेल मॅन्युअल, एलएक्स व्हेरियंट, हार्डटॉप, सेकंड हँड घेतलेली. राहतो वाकडला, ऑफिस हिंजवडी फेज ३ ला, आणि पानशेतच्या पुढे आमच्या आजोळची थोडी भातखाचरं आहेत तिथे महिन्यातून एक-दोन चकरा. म्हणजे महिन्याला अकराशे किमी धरले तर त्यातले खरोखर कच्च्यावरचे चाळीस-पन्नास, बाकी सगळं डांबर, काँक्रीट आणि सिग्नल. हा आकडा आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच फिरतं.

गेल्या वर्षी ऑगस्टात गाडी अडकली. शेतावर जायच्या वाटेला शेवटी दीडेकशे मीटरचा चढ आहे, ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, आणि पावसात ती माती म्हणजे नुसता साबण. फोर लो (चारही चाकांना ताकद, हळू गिअर) टाकलं तरी चाकं जागेवर गरागरा फिरत बसली, शेवटी शेजारचा ट्रॅक्टर आणून दोराने ओढावी लागली. ट्रॅक्टरवाला काही बोलला नाही, फक्त हसला, आणि भावाला तेच लागलं. पुढच्या रविवारी तो एका गॅरेजमधून कोटेशन घेऊन आला: पुढे-मागे दोन इंचाची स्पेसर लिफ्ट (स्प्रिंगपाशी ठोकळे घालून गाडी उंच करायची), १७ च्या नवीन अलॉय रिम, त्यावर २८५/७० चे एम/टी (मड टेरेन, चिखलाचे) टायर, स्टेपनी धरून पाच, लेबरसकट १ लाख ८५ हजार. मला स्क्रीनशॉट पाठवून "दादा फायनल करू का?"

मी काही मेकॅनिक नाही, जुनी जीप बाळगून वर्षानुवर्षं हात काळे केलेत एवढंच. त्याला म्हटलं थांब जरा, आधी हे सांग की त्या दिवशी गाडी नेमकी टेकली कुठे?

आता गंमत बघा, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. गाडी अडकली म्हणजे उंची कमी पडली हे त्याने धरूनच चाललेलं, गॅरेजवाल्यानेही धरलं, कोणीच खाली वाकून बघितलं नव्हतं. सुदैवाने त्याच्या बायकोने फोटो काढले होते (हसायला). ते झूम करून बघितले तर पोट कुठेच टेकलेलं नाही, मागच्या डिफच्या (डिफरेन्शियल, अ‍ॅक्सलच्या मधली गिअरची पेटी) गोळ्याखाली चांगली चार बोटं जागा दिसतेय, पण चारही टायर चिखलाने भरून गुळगुळीत, मेदूवडे झालेले. मग व्हर्नियर घेऊन नक्षी मोजली. तीन मिमी. कंपनीने दिलेलेच टायर होते, ५५ हजार किमी झालेले, कायद्याची मर्यादा १.६ मिमी म्हणून रस्त्यावर अजून चालण्यासारखे, पण नवीन ए/टी (ऑल टेरेन, रस्ता आणि कच्चं दोन्हीसाठीचा) टायरला दहा-अकरा मिमी खोली असते, चिखलात तीन मिमी म्हणजे टक्कलच. आणि हवा? ३६. पंपावरचा पोरगा सगळ्या मोठ्या गाड्यांना ३६ मारतो म्हणून ३६.

तरी गाडीखाली झोपून बघितलंच. खरचटल्याच्या खुणा एकाच ठिकाणी, दोन्ही बाजूंच्या फूटस्टेपच्या खालच्या नळीवर. म्हणजे या गाडीला आत्तापर्यंत जे काही घासलंय ते बाहेरून लावलेल्या फूटस्टेपला. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी सांगते, त्यात ती नळी धरलेली नाही.

इथे लिफ्ट आणि टायर यातला फरक सांगायलाच हवा, कारण अर्धे लोक इथेच फसतात. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात, पुढचा डिफ चॅसीला बांधलेला, त्यामुळे लिफ्ट केली की तो बॉडीबरोबर वर जातो. मागे मात्र सलग सॉलिड अ‍ॅक्सल आहे. स्प्रिंगखाली दोन इंचाचा स्पेसर घाला नाहीतर चार इंचाचा, अ‍ॅक्सल काही हलत नाही, तो चाकाच्या मध्यावर असतो आणि चाकाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो. लिफ्टने बॉडी वर जाते, चढ-उताराला गाडीचं पुढचं-मागचं टोक टेकू न देणारे अँगल सुधारतात, मोठ्या टायरला आत फिरायला जागा मिळते, हे सगळं खरं, पण चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा ज्या डिफच्या गोळ्याला पहिला लागणार त्याला लिफ्टचा फायदा शून्य.

टायरचा फायदा किती ते कागदावर येतं. भावाच्या गाडीला २५५/६५ आर १८, म्हणजे रुंदी २५५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, साधारण १६६ मिमी, अशा दोन बाजू अधिक १८ इंचांची रिम, मिळून व्यास ७८९ मिमी. २८५/७० आर १७ चा व्यास ८३१. फरक ४२ मिमी, त्याचा निम्माच अ‍ॅक्सलखाली मिळतो, २१ मिमी. पावणेदोन लाखांच्या वर घालून डिफखाली दोन सेंटीमीटर! भावाला पटेना. त्याच्या एका मित्राची थार अगदी याच सेटअपची, दोन इंची स्पेसर आणि २८५ चे एम/टी, तीही डिझेल मॅन्युअल. दोन्ही गाड्या शेजारी लावून टेपने मोजलं. दोन सेंटीमीटर. टेप गुंडाळून खिशात घातली आणि चहा प्यायला गेलो, त्यावर चर्चा झाली नाही.

चहावरच आयडिया निघाली की दहा दिवस गाड्याच बदलून बघू, मित्रही तयार झाला, बहुतेक त्यालाही जरा शांत गाडी हवी होती. नोव्हेंबरात केलं हे. या आख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाची गोष्ट कोणती विचाराल तर ही अदलाबदल, एक रुपया न घालवता जे कळलं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळलं नसतं.

पहिल्याच रात्री पार्किंग. याच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, लोखंडी पाळणा वर-खाली होतो तसलं, त्याच्यावर १.९ मीटरचा बोर्ड. स्टॉक थार आमच्या टेपने १८५ सेंमीच्या आसपास भरते. त्यात पाच सेंमी लिफ्ट आणि दोन सेंमी टायर टाका, १९२. वॉचमनने शिट्टी मारून थांबवलं, दहा दिवस गाडी बाहेर रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी मावशी. तिचे गुडघे गेलेत, आणि तीन दरवाज्यांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट पाडून आत शिरावं लागतं, त्यामुळे ती नेहमी पुढेच बसते, एक हात वरच्या हँडलला, एक पाय फूटस्टेपवर, मग साडी आवरून दुसरा. मित्राने फूटस्टेप काढून टाकलेली आणि वर गाडी सात सेंमी उंच. मावशीने एकदा पाय उचलून बघितला, खाली ठेवला, म्हणाली मी रिक्षाने येते. आणि रिक्षानेच आली!

चालवतानाचं सांगायचं तर पहिली गोष्ट स्पीडब्रेकर. या पद्धतीच्या स्पेसरने गाडी वर येते, पण चाकाला खाली लोंबायला जी जागा असते ती लिफ्टनेच खाल्लेली, त्यामुळे ब्रेकरवरून उतरताना पुढून दर वेळी 'टक्क'. वाकड ते फेज ३ मध्ये ब्रेकर किती आहेत ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. दुसरं स्टिअरिंग. यू-टर्न मारून सोडलं की स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं, ते अर्ध्यातच थांबून राहायचं, हाताने ओढून आणावं लागायचं. लिफ्टने पुढच्या चाकाचा कॅस्टर अँगल (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो, त्याचं हे लक्षण. मित्राने सांगितलं की त्याच्या अलाइनमेंटवाल्याने सरळ हात वर केलेले, टो (चाकं आत-बाहेर वळलेली असतात ते) बसवून देतो साहेब, कॅस्टर जागेवर येत नाही, सस्पेन्शनचा वरचा आर्म बदलावा लागेल. म्हणजे आणखी खर्च. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात ते वेगळंच, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि बूट फाटून ग्रीस उडालं की जॉइंट गेलाच.

मीटरचा हिशोब मजेशीर आहे. कंपनीचा मीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, भावाच्या स्वतःच्या गाडीत मीटर १०० असताना फोनचा जीपीएस ९७ दाखवायचा. टायरचा घेर पाच टक्क्यांवर वाढला की ही उशी गेली, मित्राच्या गाडीत मीटर १०० तेव्हा जीपीएस १०२. एक्सप्रेसवेला मर्यादा १०० ची आणि वर कॅमेरे, मीटर बघून निवांत चालवणारा माणूसही दंडाच्या रेषेवर. आणि हाच मीटर किलोमीटरही कमी मोजतो, हे लोक मायलेज काढताना विसरतात. दहा दिवसांत मीटरप्रमाणे ४१२ किमी, टाकी ते टाकी ४१ लिटर, म्हणजे दहाचं अ‍ॅव्हरेज, भाऊ ओरडायला लागला की थेट दोनने पडलं (याची गाडी त्याच रूटला १२.१ देते). म्हटलं थांब, ४१२ ला १.०५३ ने गुण, खरे ४३४ झाले, अ‍ॅव्हरेज १०.६. तरी दीडचा खड्डा आहेच, अकराशे किमीला महिन्याकाठी तेरा लिटर डिझेल जास्त.

हे कुठून येतं? थोडं घेर वाढल्यामुळे, सगळे गिअर पाच टक्क्यांनी लांब होतात, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये पहिल्यात अर्धा क्लच जास्त वेळ धरावा लागतो, थोडं एम/टीच्या नक्षीतल्या ठोकळ्यांमुळे, आणि बरंचसं वजनाने. मावशीच्या बाथरूममधला वजनकाटा आणून दोन्ही स्टेपन्या तोलल्या, स्टॉक चाक २९ किलो, मित्राचं ३९. दर चाकाला दहा किलो जास्त, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय फिरणारं, म्हणजे प्रत्येक सिग्नलला ते वेगात आणायचं आणि प्रत्येक सिग्नलला ब्रेकने थांबवायचं. ब्रेक मात्र तेच. एक दिवस अवकाळी पडला तेव्हा भूमकर चौकाच्या अलीकडे पुढचा टेम्पो थांबला आणि याने पाय दाबला तर एबीएस घरघरलं, गाडी याच्या अंदाजापेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. एम/टीच्या मोठ्या ठोकळ्यांवर बारीक चिरा फार कमी असतात, ओल्या गुळगुळीत रस्त्यावर त्याला पकडच नसते. चिखलाचा राजा, पण पुण्यात चिखल आठवड्याला किती तास भेटतो?

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीची मूळ स्पेसिफिकेशन यात तफावत पडेल असा बदल करू नका, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे धरलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १८२अ(४) बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही सांगतं. रोज कोणी टेप घेऊन उभं नसतं हे मलाही माहितीये. पण उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला तर तो टेप घेऊनच येतो.

एवढं सगळं होऊनही मी लिफ्टच्या विरोधात नाही बरं का. मित्र दर पंधरवड्याला दगडातल्या ट्रेलवर असतो, त्याला त्या अँगलची गरज आहे, आणि तो आता स्पेसर काढून नीट स्प्रिंग आणि डॅम्परचा (शॉक अब्सॉर्बर) जुळलेला सेट आणि वरचे आर्म टाकतोय, ती लिफ्टची खरी पद्धत, आणि तिचा खर्चही तसाच. राग येतो तो लिफ्टला अ‍ॅक्सेसरी म्हणून विकण्याचा, सीट कव्हरसारखं.

तर मग भावाने घ्यायचं काय? टायर संपलेलेच होते, पाच टायर तसेही लागणारच होते. १८ च्या रिमवरच २६५/६५ ए/टी घेतला तर व्यास ८०२, अ‍ॅक्सलखाली साडेसहा मिमी, फरक नावापुरता, आणि बाजूची उंची १७२. २६५/७० आर १७ घेतला तर व्यास जवळपास तोच, बाजू १८६, पण नवीन रिम. बाजूची उंची मी सारखी का मोजतोय, तर कच्च्यावर हवा कमी केल्यावर जो दबतो, दगडावर बसतो, जमिनीवर लांब पसरतो तो हाच भाग. उंच बाजू म्हणजे जास्त दबायला वाव आणि रिमला मार लागायची भीती कमी. १८ ची रिम दिसते भारी, पण या कामाला ती उलटीच.

आणि मग लक्षात आलं की थारच्या एएक्स व्हेरियंटला कंपनी स्वतःच २४५/७५ आर १६ देत होती, लोखंडी रिमवर. बाजू १८४ मिमी. व्यास ७७४, म्हणजे याच्या चालू टायरपेक्षा १५ मिमी लहान, अ‍ॅक्सलखाली सात मिमी जातात. भाऊ म्हणाला दादा डोकं फिरलंय का तुझं, मोठे घ्यायला निघालो आणि तू छोटे सांगतोस. म्हटलं तुझा डिफ आजवर कुठेच टेकलेला नाही, त्या सात मिमीचं तू काय करणार होतास? उलट बाजू १८ मिमी वाढतेय, गिअर दोन टक्के आखूड होऊन चढाला आणि ट्रॅफिकला सोपं जातंय, मीटर खऱ्यापेक्षा जास्तच दाखवणार म्हणजे दंडाची भीती नाही, आणि कंपनीचीच साइज असल्यामुळे सर्व्हेअरपुढे मान खाली घालायला नको. दिसायला? दिसायला नाही भारी, ते मान्य. भाऊ दोन दिवस घुम्यासारखा होता.

रिम स्वस्तात मिळाल्या, कारण एएक्स घेणारे लोक पहिल्या महिन्यात अलॉय टाकतात आणि लोखंडी रिम विकायला काढतात. पाच रिम आठ हजारांत. घ्यायच्या आधी एक चढवून हाताने फिरवून बघितली, ब्रेकच्या कॅलिपरला कुठे घासत नाही ना ते. टायर पाच, ए/टी, साधे, एलटी (लाइट ट्रक, जड कामाचे) नाही. एलटीची बाजू जाड आणि दणकट असते खरी, पण तेवढंच वजन पेलायला तिला हवा जास्त लागते, आणि रिकाम्या गाडीत ती दगडासारखी उसळते. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, छोटा कंप्रेसर आणि गेज धरून सगळं ७० हजारांच्या आत, जुने १८ चे अलॉय ३० ला गेले.

पाच का, चार का नाही, हे बऱ्याच जणांना खटकतं म्हणून सांगतो. थारच्या फोर बाय फोरला पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफ (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही, फोर हाय टाकलं की दोन्ही एकमेकांना बांधले जातात. एक चाक वेगळ्या घेराचं असेल तर दोन्हीकडचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) येतो. आडरानात पंक्चर झाल्यावर जुनी १८ ची स्टेपनी लावून फोर हाय टाकणं म्हणजे गिअर पिळून काढणं.

हवा किती याला आम्ही आधी एएक्सच्या दारावरच्या स्टिकरचा आकडा धरला आणि मग खडूने ताडून बघितलं. टायरच्या नक्षीवर आडवी जाड खडूची रेघ मारायची, सपाट काँक्रीटवर शंभरेक फूट सरळ जायचं, उतरून बघायचं. मधलीच पुसली तर हवा जास्त, कडेची पुसली तर कमी, सगळीकडे सारखी फिकी झाली तर बरोबर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा कार्यक्रम चालू असताना तीन मुलं आणि एक निवृत्त काका असे प्रेक्षक होते, काकांनी शेवटी स्वतःच्या गाडीला पण करून घेतलं.

राहिली फूटस्टेप. खरं घासणारी तीच, तेव्हा काढायला हवी, पण मावशी? यावर बरेच दिवस घोळ चालला, इलेक्ट्रिक आत-बाहेर होणारी बघितली, किंमत ऐकून गप्प बसलो. शेवटी मावशीनेच सोडवलं. घरातलं प्लास्टिकचं लाल स्टूल आणलं, त्याला नायलॉनची दोरी बांधली, स्टूलवर पाय देऊन वर बसली आणि दोरीने स्टूल आत ओढून घेतलं. झालं. आता ते स्टूल कायम पुढच्या सीटच्या मागे असतं आणि फूटस्टेप माळ्यावर.

या जुलैत परत गेलो त्याच वाटेने, पाऊस गेल्या वर्षीएवढाच. चढाच्या खाली थांबून चारही टायरची हवा २० वर आणली, फोर लो, दुसरा गिअर, इंजिन न रेटता. अर्ध्यात एकदा मागचं हललं, चाकोरीच्या कडेला सरकलं, पण टायरने चिखल बाहेर फेकला आणि गाडी वर गेली. ट्रॅक्टरवाला खाचरात होता, त्याने मान वर करून बघितलं आणि परत कामाला लागला. परत येताना डांबर लागायच्या आधी हवा भरायची, छोट्या कंप्रेसरला एका टायरला चारेक मिनिटं लागतात, म्हणजे चारांना पाव तास. तेवढ्यात मावशी स्टूल खाली टाकून उतरली, त्याच्यावरच बसली आणि शेंगा सोलायला घेतल्या.